गाऱ्हाण्यात नाव लागतं

विनीत नाबरने मुंबईतली जाहिरात कंपनी सोडली, धामापुरात तळ्याच्या अंगाला घर घेतलं आणि फोटो काढणाऱ्या पोरांचा 'किनारा' नावाचा समूह काढला. पहिल्याच दिवशी त्याने दोन गोष्टी केल्या. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि जमलेल्यांना सांगितलं की इथे कुणाचं नाव नसतं, इथे फक्त काम असतं. दोन्ही गोष्टींना टाळ्या पडल्या. तेजस्वी कुबलनेही वाजवल्या.

तेजस्वीचा मसुऱ्याच्या बाजारात स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पांढरा पडदा, आणि मध्ये एक स्टूल. त्या स्टुलावर ओळखपत्राच्या फोटोसाठी बसून अख्ख्या पंचक्रोशीने चोरी पकडली गेल्यासारखी तोंडं केली होती आणि ती तोंडं आता सरकारदरबारी जमा होती. लग्नसराईत ती लग्नं करायची. हिवाळ्यात तारकर्लीला पुण्याची जोडपी यायची, लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला. त्यांना वाळूवरून एकमेकांकडे पळायला लावायचं हे तिचं काम. पळत या, थांबा, हसा, आता परत. तिसऱ्यांदा पळताना नवऱ्यामुलाचं जे तोंड व्हायचं तो खरा फोटो. तो कुणालाच नको असायचा. तेजस्वी तो काढायची आणि स्वतःकडे ठेवायची.

असे नको असलेले फोटो घेऊनच ती 'किनारा'त गेली होती. आणि खोटं कशाला बोला, विनीतने तिला शिकवलं. माणसाला हसायला सांगू नकोस, हे त्यानेच सांगितलं. थांब, आणखी थांब, तो तुला विसरला की मग बटण दाब, हेही त्याचंच. रविवारी सकाळी सगळे तळ्याकाठी जमायचे, भिंतीवर प्रोजेक्टरने एकेकाचे फोटो पाडायचे आणि विनीत बोलायचा. काढणाऱ्याने न पाहिलेलं त्याला त्यात दिसायचं. हे त्याच्यातलं अस्सल होतं, आणि माणसात एक गोष्ट अस्सल असली की तिच्या पदराखाली बाकीचा भंगार माल खपून जातो.

भंगार माल असा. फोटो कुठेही छापला गेला, कुठेही लागला, की त्याच्याखाली यायचं: 'छायाचित्र: किनारा समूह. संकल्पना, निवड, मांडणी व मार्गदर्शन: विनीत नाबर.' एका माणसामागे इतकी कामं देवळाच्या जत्रेच्या पत्रिकेवरही नसतात. नावाने अहंकार येतो, असं विनीत म्हणायचा. हा अहंकार बाकीच्यांना होऊ नये म्हणून तो एकटा सगळा सोसत होता.

समूहात निलेश म्हणून एक होता. काजूच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचा. आंबोलीच्या घाटातली एसटी, काचेवर आतून धरलेली वाफ, आणि कुणीतरी बोटाने ती पुसून केलेल्या भोकातून बाहेर बघणारा एकच डोळा, असा त्याचा एक फोटो होता. तो एका मासिकात आला. निलेशने कौतुकाने बापाला दाखवला. बापाने चष्मा लावून तळापर्यंत वाचलं आणि विचारलं, ह्यात तुजा नाव खंय? निलेश म्हणाला, आमच्यात तसंच असतं. बाप म्हणाला, तुमच्यात म्हणजे कोणात? निलेशने ही गोष्ट समूहात विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. विनीत सगळ्यात जास्त हसला.

मग ताडपत्रीचा फोटो झाला.

तोंडवळीच्या किनाऱ्यावर तेजस्वीची मावशी काशीबाई आणि आणखी तिघी बायका निळ्या ताडपत्रीवर गोलमो, म्हणजे ती बारीक कोळंबी, सुकत घालून बसल्या होत्या. वारा अचानक उलटला. ताडपत्री शिडासारखी फुगली, सगळा माल समुद्रात जाणार असं झालं, तशा चौघी जणी चार कोपऱ्यांवर पालथ्या पडल्या. दगड शोधायला वेळ नव्हता, म्हणून स्वतःच दगड झाल्या. एकीचं तोंड वाळूत. एक हसत सुटलेली. एक तशीच पडल्यापडल्या मोबाईलवर सुनेला भात उतरवायला सांगते आहे. आणि काशीबाई हनुवटी टेकवून सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, की बघ गो, हे असं आहे.

ही काशीबाई कुणाला फोटो काढू देणारी नव्हे. तारकर्लीला एका पाहुण्याने न विचारता तिच्यावर कॅमेरा रोखला तेव्हा तिने त्याला बांगडा फेकून मारला होता, आणि मग तो बांगडा परत मागून घेतला होता. तेजस्वीला चालायचं कारण तेजस्वी तिच्या मांडीवर वाढलेली.

रविवारी विनीतने तो फोटो भिंतीवर पाहिला आणि उठून थेट भिंतीपाशी गेला. असं कधी झालं नव्हतं. नंतर म्हणाला, हा समूहाचा सर्वोत्तम फोटो आहे. तेजस्वीला इतका आनंद झाला की वाक्यातला चोर तिला घरी पोचल्यावर दिसला.

प्रदर्शन ठरलं. मालवणच्या बाजारातलं एक जुनं मिठाचं गोदाम भाड्याने घेतलं, धुतलं, पांढरं केलं. ताडपत्रीचा फोटो दारातच, माणसापेक्षा उंच. त्याच्याखाली नेहमीची ओळ, नेहमीची कामं. आणि ह्या खेपेला त्या ओळीला किंमत होती. उद्घाटनाला मुंबईहून नम्रता म्हणून एक बाई येणार होत्या. त्यांची संस्था दरवर्षी एका फोटोग्राफरला निवडते आणि वर्षभर त्याच्या कामाचा सगळा भार उचलते. नवऱ्यामुलांना पळवायचं नाही, झेरॉक्स काढायच्या नाहीत, फक्त आपले फोटो. नम्रताबाईंनी कळवलं होतं की आम्ही माणूस निवडतो, मंडळ निवडत नाही. त्या सकाळी येणार, बघणार, दुपारी परत जाणार. त्यांना त्या दारातल्या फोटोखाली एकच माणूस सापडणार होता, आणि तो तेजस्वी नव्हता.

तेजस्वीने विनीतला सरळ विचारलं. निदान त्या फोटोला माझं नाव लावूया का? विनीतला राग आला नाही. वाईट वाटलं. तो म्हणाला, तेजू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. रागाला उत्तर देता येतं, पण असं वाईट वाटून घेणाऱ्या माणसापुढे आपण काय बोलणार? मग त्याने तिला एक काम सांगितलं. उद्घाटनाला फीत नको, दीप नको, आपल्या मातीतलं काहीतरी हवं. गाऱ्हाणं घालूया. बाळा परबांना तू भेट आणि त्यांना काय बोलायचं ते समजावून सांग.

बाळा परब, म्हणजे गावाचे बाळाआबा, गाऱ्हाण्यासाठी तालुक्यात प्रसिद्ध होते. नवीन होडी, नवीन डंपर, ब्यूटी पार्लर, काहीही सुरू करायचं तर हे देवापुढे उभे राहून मागणं मांडणार आणि जमलेल्या माणसांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. आबा काही संतमाणूस नव्हते. माईक स्वतःचा आणायचे, कारण दुसऱ्याच्या माईकमध्ये त्यांचा आवाज पोराटकीचा लागतो अशी त्यांची तक्रार होती. गाऱ्हाण्याआधी त्यांना मासे लागायचे आणि गाऱ्हाण्यानंतर स्तुती.

तेजस्वी गेली तेव्हा ते पडवीत सुपारी कातरत होते. तिने विनीतने पढवलं होतं तसं सांगितलं. किनारा समूहाने प्रदर्शन मांडलं आहे, समूहाच्या फोटोंना यश दे, असं म्हणा.

"समूह म्हणजे कोण?" आबा म्हणाले.

"आमी सगळी."

"सगळ्यांका आवशी-बापाशीन नावां ठेवल्यानी मा? मगे?"

"नाव नाय लावत आमी, आबा."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "बायो, देवाक समूह कळना नाय. गाऱ्हाण्यात नाव लागता. अमक्याचो झील, अमक्या गावचो, हेना ह्या केल्यान, हेका यश दी. तसा नाय सांगलंय तर देव यश देतलो तो कोणाक? वाऱ्याक?"

तेजस्वी म्हणाली, मग विनीत नाबरांचं नाव घ्या. आबांनी मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं, की बाजारात तो भलामोठा फोटो चढवत होते, आमची काशी पालथी पडलेली, तो विनीतने काढला का? आणि तिला उत्तराला उशीर लागलेला पाहून म्हणाले, "खोटा सांगशीत तर सांग. पण गाऱ्हाण्यात खोटा गेला तर दोष सांगणाऱ्याक लागता. माजे गुडघे आदीच दुखतत."

माणसाच्या आयुष्यात खरं बोलायची वेळ येते ती अशी, कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी.

"मीया काडलंय तो," तेजस्वी म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही सांगितलं. ती ओळ, ती कामं, ते वाईट वाटणं, त्या मुंबईच्या बाई. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, आणखी पण आहेत, निलेश आहे, स्वप्ना आहे, त्यांचेही फोटो आहेत. आबा म्हणाले, सगळ्यांची नावं घ्यायला ही काय पटावरची हजेरी आहे? दारातलं जे आहे ते एक सांगतो. तेजस्वीने फार ताणून धरलं नाही. एक नाव लागणार होतं, आणि ते तिचं होतं.

उद्घाटनाला गोदाम भरलं. खादीचे झब्बे आले, तालुक्यातले शिक्षक आले, दोन पत्रकार आले आणि सरळ चहाकडे गेले. काशीबाई आणि तिच्या तिघी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या आणि स्वतःच्या फोटोखाली पहाऱ्याला असाव्यात तशा उभ्या राहिल्या. नम्रताबाई आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. दारातला फोटो त्यांनी जवळून पाहिला, मागे जाऊन पाहिला, खालची ओळ वाचली आणि विनीतला विचारलं, काढला कुणी? विनीत म्हणाला, आमच्याकडे असं वेगळं करता येत नाही, ही एक सामूहिक प्रक्रिया आहे. बाई बरं म्हणाल्या.

मग विनीतने मोबाईल तिवईवर लावला, कार्यक्रम जगाला थेट दिसेल असं केलं, आणि आपल्या मातीच्या वाणीबद्दल बरंच बोलला. मी मूळचा इथला, हे गाऱ्हाणं माझ्या रक्तात आहे, असं म्हणाला. सगळ्यांना हात जोडायला लावून स्वतः पहिल्या रांगेत उभा राहिला.

आबांनी आपला माईक तोंडापाशी धरला.

"बा देवा रामेश्वरा, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हय, ह्या मिठाच्या गोदामात, धामापूरच्या विनीत नाबरान चार माणसां जमवून फोट्यांचा प्रदर्शन मांडल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विनीतचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"मुंबयसून पाव्हणी इली हत. वाटेर घाट आसा, तेंका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि देवा म्हाराजा, ह्यो जो दारात मोठो फोटो लावलेलो आसा, चार बायो ताडपत्रीर पालथ्यो पडलेल्यो, तो तोंडवळीच्या दाजी कुबलाच्या चेडवान, तेजस्वीन, आपल्या हातान काडल्यान हा. पण खाली तिचा नाव नाय, दुसऱ्याचा आसा. ही चूक नकळत झाली आसात तर करणाऱ्याक माफी कर. आणि जाणूनबुजून झाली आसात, तर तेका तूच काय ता बघून घी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक लय असते. तोंडाला सवय लागलेली असते, कान मागून येतात. अख्खं गोदाम "व्हय म्हाराजा" म्हणालं आणि आपण काय म्हणालो ते त्याला नंतर कळलं. काशीबाईला आधी कळलं होतं, कारण ती आणि तिच्या तिघी इतक्या जोरात म्हणाल्या की चहाकडचे पत्रकार वळले.

विनीत मात्र म्हणाला नव्हता. त्याचं तोंड अर्धं उघडं होतं. तो इथलाच, प्रत्येक शब्द त्याला कळला होता. आता न म्हणावं तर देवापुढे आणि मोबाईलपुढे, रक्तात गाऱ्हाणं असलेला माणूस एकटाच बाजूला पडतो. आबा माईक धरून थांबले होते. पुढच्या मागण्यावर जात नव्हते. त्यांच्या पद्धतीत एकाचीही साथ राहून गेली तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि ते अर्धं टाकून जायला त्यांचे गुडघे तयार नसावेत.

"व्हय म्हाराजा," विनीत म्हणाला. उशिरा म्हटल्यामुळे त्याचा एकट्याचाच आवाज आला, गोदामाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

आबांनी नारळ फोडला.

विनीत बुडणाऱ्यांतला नव्हता. त्याने माईक मागितला, आबांनी दिला नाही, तेव्हा तसाच मोठ्या आवाजात बोलला. म्हणाला, मी हेच जाहीर करणार होतो, आबांनी माझ्या मनातलं ओळखलं. मग खिशातून जाड पेन काढून त्याने स्वतःच्या हाताने त्या ओळीच्या वर लिहिलं, 'छायाचित्र: तेजस्वी कुबल'. अक्षर सुरेख होतं. टाळ्या पडल्या आणि त्या त्यानेच वाकून घेतल्या. तेजस्वी ते नाव बघत राहिली. लग्नाच्या अल्बमच्या मागे तिचा शिक्का असायचा, फोन नंबरासकट. तरी ते नाव तिला कुठेतरी पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाटलं.

निलेश तिच्याजवळ आला. ती हसणार होती, पण त्याचं तोंड पाहून थांबली.

"तुजा नाव लागला. बरा झाला," तो म्हणाला.

ती म्हणाली, आबा एकच नाव घ्यायला तयार होते.

"म्हणान तू तुजा सांगलंस. विनीतदादा पण एकच सांगता."

तेवढ्यात नम्रताबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मोबाईलवर तिचं नाव टिपून घेतलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, यातले तुमचे आणखी कुठले आहेत?

आणखी तीन होते. तेजस्वीने ते दाखवले. तिथे थांबता आलं असतं. कुणीही थांबला असता आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. निलेशचा एसटीचा फोटो पुढच्याच भिंतीवर होता आणि तो तिच्या तिन्हींपेक्षा चांगला होता, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तो निलेशचा," ती म्हणाली. "हा उभा आहे तो. काजूच्या कारखान्यात असतो."

बाई त्या फोटोपुढे तिच्या फोटोपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. तेजस्वीने तेही पाहिलं. मग ती भिंत धरून पुढे चालत गेली आणि एकेक सांगत गेली. हा स्वप्नाचा. तोही तिचाच. हा निलेशचा. निलेश पाठीमागून चालत होता. एका ठिकाणी मात्र न राहवून म्हणाला, नाही हो, तो माझा नाही, माझं फोकस इतकं वाईट नसतं. स्वप्ना दुरून म्हणाली, माझा आहे तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे कुणी वाईट फोटोवरही हक्क सांगत होतं.

शेवटच्या भिंतीवर एक सूर्यास्त होता. मधोमध होडी, होडीत मधोमध माणूस, माणसाच्या डोक्यावर मधोमध सूर्य. किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलात बिलाच्या काउंटरमागे टांगतात तसा.

"आणि हा कुणाचा?" नम्रताबाईंनी विचारलं.

तेजस्वीला माहीत होतं, निलेशलाही माहीत होतं. विनीत बाजूलाच उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"तो समूहाचा," विनीत म्हणाला.

त्याच संध्याकाळी तेजस्वीला 'किनारा'च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. निलेश स्वतःहून बाहेर पडला. निघण्यापूर्वी त्याने नमस्काराचे हात टाकले होते, कारण तो मूळचा सभ्य माणूस. नम्रताबाईंचा निरोप दोघांनाही आला होता. प्रत्येकी वीस फोटो पाठवा, नाव घालून. जागा एकच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी निलेश पेनड्राइव्ह घेऊन मसुऱ्याच्या गाळ्यात आला. दुसरीकडे जाणार कुठे? त्याला स्वतःचे फोटो निवडता येत नव्हते, आजवर ते काम विनीतने केलं होतं. तेजस्वीने एका गिऱ्हाईकाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढून दिली, स्टूल ओढलं आणि त्याचे फोटो बघायला बसली. देवळाचा कळस काढून टाक म्हणाली. मावळतीची होडी काढून टाक, शप्पथ आहे. तो मान हलवत होता आणि काढत होता.

"एसटीचो खंय घालू?" त्याने विचारलं. "मधी खंयतरी?"

मध्ये घातला असता तर कदाचित बाईंची नजर त्याच्यावरून सरकली असती. कदाचित नसती. तेजस्वी पडद्यावरच्या त्या एका डोळ्याकडे बघत बसली. फोटो इतका चांगला होता की तिला निलेशचा रागच आला.

"पयलो घाल," ती म्हणाली. "आणि खाली नाव लिही. मोठ्या अक्षरात लिही, मेल्या."